चतुराबाईचं नाक

मखमलाबादच्या पुढं पाटाच्या कडेनं जे मळे लागतात, तिथं चतुराबाईच्या नाकाबद्दल जेवढं सांगतात त्यातलं निम्मं खोटं म्हणून सोडून दिलं, तरी उरलेलं निम्मं सात गावांच्या नाकांना पुरेल. डोळे बांधून तिच्यापुढं शेवंती धरली, तर ती कुठल्या विहिरीच्या पाण्यावर वाढली ते ती सांगायची. पंचवटीत फुलांची टोपली मांडून बसलेली असताना समोरून घोड्यावर चाललेल्या नवरदेवाकडं बघून ती एकदा नुसती म्हणाली, "सकाळीच घेतलीय मेल्यानं," आणि नवरीच्या मामानं पुढच्या चौकात घोडा अडवला. एका पावसाळ्यात तर लख्ख ऊन पडलेलं असताना तिनं नाक वर केलं. "गाळाचा वास येतोय. टोपल्या उचला." बाकीच्या बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीपात्रातला दुतोंड्या मारुती छातीपर्यंत पाण्यात होता, आणि हसलेल्या बायांच्या टोपल्या वाहत खाली सायखेड्याच्या वाटेला लागल्या होत्या.

असं ते नाक चार वर्षांपूर्वी गेलं. कोरोनाच्या तापातून चतुराबाई सतराव्या दिवशी उठली. नाक काही उठलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून तिनं वाट पाहिली. कापूर हुंगला, कांदा फोडून हुंगला, गोठ्यात जाऊन उभी राहिली. काही नाही. जिभेवर मीठ, तिखट, कडू आणि गोड एवढंच उरलं. भाकरी म्हणजे गरम माती, आणि दूध म्हणजे पांढरं पाणी.

ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस सांगणार नव्हतं.

कारण तिनं सासूचं पाहिलं होतं. विठाबाईचे डोळे गेले तेव्हा घरानं तिला मागच्या अंगणात खाटेवर बसवलं आणि हातात एक काठी दिली. पापडावरचे कावळे हाकलायला. दिसत नव्हतं तरी विठाबाई अकरा वर्षं काठी हलवत राहिली. कधी कावळे असायचे, कधी नसायचे, कधी तर पापडच नसायचे. चतुराबाईचा मुलगा वाल्मीक आताशा सारखा म्हणायचा, "आई, बंद कर ती टोपली. सत्तरीत पंचवटीपर्यंत कशाला हेलपाटे?" नाक गेलं हे त्याला कळलं असतं, तर टोपली त्याच दिवशी माळ्यावर गेली असती.

म्हणून ती सकाळी पहिल्यासारखीच फुलांची ओंजळ नाकाशी न्यायची, डोळे मिटायची, मान हलवायची. घरातही नाक जागं आहे हे दाखवायला अधूनमधून सून छायाला टोकायची. "फोडणी जळली का गं?" "आमटीला कालचा वास मारतोय." छाया बिचारी पातेलं उघडून पुन्हापुन्हा हुंगायची.

या छायानं पावसाळ्यानंतर परसात एक नवंच खूळ काढलं. बचत गटाच्या परसबागेच्या शिबिरातून ती ओरेगॅनोचं बी घेऊन आली. बी कसलं, चिमटीत धरलं तर शिंकेनं उडून जाईल अशी धूळ. तिनं माती चाळून घेतली, निम्मी वाळू मिसळली, त्यावर बी नुसतं भुरभुरलं आणि वर मातीसुद्धा घातली नाही. "याला उजेड लागतो उगवायला," म्हणाली. रोपं बोटभर झाल्यावर ती खताच्या रिकाम्या गोण्यांत लावली. चौदा गोण्या. रोज सकाळी प्रत्येक गोणीत बोट खुपसून बघायची. बोट कोरडं निघालं तरच पाणी, नाहीतर नाही.

"तान्ह्या पोराला कुणी उपाशी ठेवतं का?" चतुराबाई म्हणाली.

"आत्या, याला पाणी जास्त झालं की मूळ कुजतं."

"पाण्यावाचून वाढतं ते काय झाड? ते निवडुंग."

आणि छायाची पाठ वळली की न्हाणीतलं तांब्याभर पाणी ती तीन गोण्यांत ओतून यायची. त्या तीन गोण्या आठवड्यात पिवळ्या पडून बसल्या. छायानं पुन्हा रोपं लावली आणि न्हाणीतला तांब्या तेवढा लपवून ठेवला.

दिवाळीनंतर ओरेगॅनो माजला. छाया शेंडे खुडायची, शेडखाली मच्छरदाणीच्या कापडावर सावलीत वाळवायची, तळहातावर चोळून काड्या फुंकून टाकायची. तो चुरा थालीपिठात पडू लागला, लसणाबरोबर टोमॅटोच्या चटणीत पडू लागला. वाल्मीक पहिल्या दिवशी म्हणाला, "हे काय गुरांचं?" आणि दुसऱ्या दिवशी दोन थालीपिठं जास्त खाल्ली. गंगापूर रोडच्या एका हॉटेलाचा आचारी सोमवारी येऊन ओला पाला बघणार होता. आवडला तर दर आठवड्याला नेणार होता. छाया रोज संध्याकाळी गोण्यांपुढं उभी राहून पाला डोळ्यांनी तोलायची.

त्याच आठवड्यात अवकाळी आली. दुपारी चारला आभाळ जांभळं झालं आणि सुपारीएवढ्या गारा पडल्या. कुणी नारळाएवढ्या सांगतात, ते पंचनाम्यासाठी. शेवंतीची मान मोडली. वेण्यांत घालायच्या मरव्याचा वाफा दोन दिवस पाण्यात बसला, आणि तिसऱ्या दिवशी काळा पडून खाली झोपला. वाचला तो फक्त छायानं आधी फांद्या खोचून चार गोण्यांत लावलेला मरवा. गारा पडायला लागल्या तेव्हा वाल्मीकनं हाताला येतील तशा सगळ्या गोण्या ओढत शेडखाली ढकलल्या होत्या. मरव्याच्या चार आणि ओरेगॅनोच्या चौदा, सगळी एकच जत्रा.

शेजारच्या मळ्यातल्या फकिराच्या पोरीचं लग्न रविवारी होतं. शुक्रवारी तो चिखल तुडवत आला.

"मावशी, चाळीस वेण्या, मुंडावळ्या आन् दोन वरमाला. शेवंती मी निफाडहून आणतो. पण मरवा तुझ्याकडचाच पायजे. आमच्यात मरव्याबिगर वरमाला नाय."

"वाफा नासला रे."

"तू नाय म्हणली तर मी कुठं जाऊ? व्याही निफाडचे हायेत, द्राक्षवाले. पयलंच सांगितलंय त्यांना, हार चतुरामावशीच्या हातचे."

एवढं म्हटल्यावर चतुराबाईच्या तोंडून 'नाही' निघणं शक्यच नव्हतं.

शनिवारी छाया कळवणला, भावाच्या पोराच्या बारशाला गेली होती. ती रविवारी परस्पर लग्नाला येणार होती. वाल्मीक तलाठ्याची वाट बघत बांधावर उभा होता. चतुराबाई कोयती घेऊन शेडखाली आली आणि अठरा गोण्यांपुढं उभी राहिली.

सगळीकडं तेच. बारीक पान, तांबूस काडी, गोणीच्या कडेवरून सांडलेला पाला. नुकता लावलेला मरवा खुरटा होता, तर ओरेगॅनो छायाच्या लाडानं टुमटुमला होता. कुणाही बाईनं एक पान चुरडलं असतं, नाकाला लावलं असतं आणि काम झालं असतं. चतुराबाईनंही पान चुरडलं. नाकाला लावलं. डोळे मिटले. बघायला कुणी नव्हतं तरी मान हलवली.

मग तिनं बोटांना विचारलं. मरव्याचं पान हाताला मऊ लागतं, मांजराच्या कानासारखं. हे जरा रखरखीत होतं. बोटं म्हणत होती, बाई, थांब. पण गारांनंतर कुठलं पान पहिल्यासारखं राहतं? आणि थांबून विचारायचं कुणाला? वेण्या बांधू लागणाऱ्या सुमनबाईला "जरा हुंगून सांग गं," असं म्हटलं की संपलं. संध्याकाळपर्यंत पाटाच्या दोन्ही काठांना कळलं असतं.

छायानं मरवा किती गोण्यांत लावलाय हे तिला ठाऊक नव्हतं; जो पाला भरदार होता तो तिनं कापला. दहा गोण्या मुळापासून चार बोटं सोडून सफाचट केल्या.

हार करायला सुमनबाई आली. ती गेली वीस वर्षं चतुराबाईच्या हाताखाली होती. दोघी पडवीत बसल्या. पायाच्या अंगठ्यात केळीच्या सोपटाचा ओला दोरा, मांडीवर फुलं, मध्ये हिरवा ढीग. चौथ्या वेणीला सुमनबाईचा हात थांबला.

"मावशी, आज मरव्याचा वास येगळाच येतोय."

चतुराबाईचा अंगठा दोऱ्यात आवळला. "येगळा म्हंजी कसा?"

"उग्र. छायाच्या थालीपिठावानी."

"सकाळी थालीपीठ खाल्लं असशील."

"नाय ओ, चहात बुडवून बटर खाल्लं."

"मग मिशरी कमी लाव. आवकाळी पडली की मरवा चढतो. माझी हयात गेली यात, आन् तू मला शिकवती?"

सुमनबाईनं ढिगातली एक काडी उचलली, पुन्हा हुंगली, चतुराबाईकडं पाहिलं. चतुराबाईनं पण एक काडी उचलली, सावकाश नाकाशी नेली आणि म्हणाली, "जातिवंत हाय."

झालं. सुमनबाईनं स्वतःच्या नाकाला खोटं ठरवलं आणि पाचवी वेणी घेतली. दुपारपर्यंत तर ती स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की आवकाळी पडली की मरवा चढतो.

रविवारी फकिराच्या मळ्यात मांडव भरला. चाळीस बायांच्या डोक्यात चाळीस वेण्या, त्यात वरून ऊन तापलेलं. ओरेगॅनो तापला की काय करतो ते ज्याला माहीत आहे त्यानं कल्पना करावी. ज्याला माहीत नाही त्यानं एवढंच ऐकावं, की बारा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त होता आणि साडेअकरालाच निम्मं वऱ्हाड आचाऱ्याच्या पातेल्यांकडं तोंड करून बसलं होतं. पोरं आयांच्या पदराला लोंबकळून खायला मागत होती. नवरदेवाच्या आजोबांनी साखरेचं पथ्य मोडून दोन बालुशाह्या मारल्या. पुढं लोक असंही सांगू लागले, की मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या पोटाचा आवाज माइकमधून पाटाच्या पलीकडं गेला. पलीकडच्यांनी तो ट्रॅक्टर समजला.

हार घालून झाले आणि नवरदेवाच्या मामेबहिणीनं, निकितानं, फोटोसाठी त्याच्या गळ्याशी डोकं नेलं. ती शहरात हॉटेलाचं शिकत होती.

"अय्या! दादा, हे ओरेगॅनो आहे!" ती ओरडली. "तुझा पिझ्झा केलाय यांनी!"

आधी पाहुण्यांकडची पोरं हसली, मग मोठी माणसं हसली. नवरदेवाचा मामा म्हणाला, "अहो फकिरराव, चीजपण टाकायचं होतं मग!"

फकिराचं तोंड उतरलं. त्यानं नवरदेवाच्या गळ्यातला हार काढला, गर्दीतून वाट काढत तो चतुराबाईपुढं आला आणि दोन्ही हातांनी हार तिच्यापुढं धरला.

"मावशी, वास घे आन् सांग एकदा. तोंडं बंद कर यांची."

दोनशे माणसं पुढं सरकली. वाजंत्रीवालासुद्धा पिपाणी खाली करून बघायला लागला.

चतुराबाईनं हार घेतला. हार जड होता, तिनंच बांधलेला, एकेक गाठ तिच्या ओळखीची. तिनं तो चेहऱ्याशी नेला. पाकळ्या गालाला थंड लागल्या. श्वास आत गेला, बाहेर आला, आणि आत काहीही नव्हतं. तिला सुमनबाईचं वाक्य आठवलं, बोटांचं सांगणं आठवलं. तिला कळून चुकलं होतं. पण चार वर्षं धरून ठेवलेलं दोनशे माणसांत कसं सोडायचं?

"मरवा," ती म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. निकिता जवळ आली. पोर वाईट नव्हती. "आजी," ती हळूच म्हणाली, "परत एकदा बघा ना नीट."

ते 'नीट' चतुराबाईला गारेसारखं लागलं. तिनं हार मुठीत आवळला आणि त्यातल्या दोन पाकळ्या खाली पडल्या.

"मरवाच हाय तो!"

मांडवाच्या दारात छाया उभी होती. कळवणच्या एसटीची धूळ अंगावर, खांद्याला पिशवी तशीच. मांडवात पाय टाकताच तिला आपल्या गोण्यांचा वास आला होता. सहा आठवड्यांचा पाला चाळीस डोक्यांवर वाटलेला तिनं एका नजरेत मोजला. तिनं सासूच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"मरव्याचा सख्खा भाऊ हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "इंग्रजीत ओरेगॅनो म्हणत असतील, आमच्या परसात मरवाच म्हणतो. पावसानं देशी मरवा नासला, म्हणून मीच म्हणलं आत्यांना, हा घाला. निफाडच्या पावण्यांना कायतरी नवीन." मग मामाकडं वळून, "आन् मामा, भूक लागली असंल तर सांगा की सरळ. हाराला कशाला दोष देता?"

आता हसू मामावर गेलं. फकिरानं संधी साधून आचाऱ्याला हाक मारली, "वाढा रे पंगत!" हार पुन्हा नवरदेवाच्या गळ्यात गेला, आणि सुमनबाई सगळ्यांना सांगत सुटली की मला कालच वास आला होता, मी काय येडी हाय का.

परत येताना वाल्मीकच्या छोटा हत्ती टेम्पोत सासू-सुना मागं शेजारीशेजारी बसल्या. रिकाम्या टोपल्या आदळत होत्या. छाया रस्त्याकडं बघत होती. सोमवारच्या आचाऱ्यासाठी बोटांवर आठवडे मोजत होती. शिव्या दिल्या असत्या तर चतुराबाईला बरं वाटलं असतं.

सकाळी छाया शेडखाली बसून कापलेल्या गोण्या बघत होती. चार-चार बोटांचे खुंट. फोनवर ती आचाऱ्याला म्हणत होती, "तीन आठवड्यांनी या ना दादा, मुळं शाबूत हायेत, फुटंल परत." पलीकडून तो "बघू" म्हणाला. छायानं फोन पदराला पुसला.

चतुराबाई तिच्यामागं येऊन उभी राहिली. "छाया."

"काय?"

"मला वास येत नाय."

"सर्दी झाली का?"

"कोरोनापासनं."

छाया सावकाश वळली. "चार वरसं?"

"चार."

"काहीच नाय?"

"काहीच नाय."

छायाच्या चेहऱ्यावरून एकामागून एक काय काय गेलं. मग ती उठूनच उभी राहिली. "गेल्या महिन्यात गॅसची शेगडी उघडी राहिली होती! मी धावत आले तेव्हा तुम्ही शेजारी बसून वाती वळत होता! मला वाटलं डुलकी लागली असंल. काडी ओढली असती मंजे?"

चतुराबाई खुंटांवरची माती झटकायला लागली.

"एका शब्दानं सांगायचं ना, आत्या!"

"सांगितलं असतं तर वाल्यानं टोपली ठेवली असती का माझी?"

वाल्मीकनं ठेवली नसती, हे छायालाही ठाऊक होतं. ती पुन्हा खाली बसली. मग तिनं एकदम मान वर केली.

"थांबा. मग चार वरसं माझ्या आमटीला वास मारतोय, फोडणी जळली, ते कशाच्या जोरावर म्हणत होता?"

चतुराबाई घुटमळली. "अंदाजानं."

"अंदाजानं?"

"चारातला एक बसायचा."

छायानं तोंडाला पदर लावला. आधी वाटलं ती रडतेय. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती इतकी हसली, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "मी येडी पातेल्यात तोंड घालून हुंगते! तुमच्या लेकाला म्हणते, माझंच नाक बिघडलं! डाक्टरकडं जाणार होते मी!"

चतुराबाईलाही हसू आलं, पण ते निम्म्यातच ओलं झालं. "मला तिथं मागं बसवू नका गं," ती म्हणाली. "खाटेवर."

छायानं डोळे पुसले. न कापलेल्या गोण्यांकडं गेली, दोन पानं खुडून आणली. एक तिनं सासूच्या हातावर ठेवलं. "खावा."

चतुराबाईनं चावलं. कडसर पाणी, बाकी काही नाही.

"हा मरवा. आता हे."

चतुराबाईनं दुसरं पान दाढेखाली धरलं. आधी काहीच नाही. मग जिभेच्या शेंड्याला काहीतरी चावलं. मिरचीसारखं नाही, मिरची तिला ओळखीची होती. हे लवंगेसारखं झोंबत, बधिर करत जिभेच्या मागं सरकलं, टाळूला लागलं, आणि नाकाच्या मागं, जिथं चार वर्षं कुणी फिरकलं नव्हतं, तिथं जाऊन त्यानं थाप मारली. वास नव्हता तो. पण वासाच्या भावकीतलं काहीतरी होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"झोंबलं?"

"मेलं लय झोंबलं."

"मग झालं तर. टोपलीत जायच्या आधी एकेक पान चावून बघायचं. फुलं सुमन हुंगंल. आन् शेगडीला हात लावायचा नाय, ते माझ्यावर."

तेवढ्यात सुमनबाई टोपली घेऊन दारातूनच ओरडत आली. पंचवटीला जायचं होतं, आणि वाटेत तिनं कुणाच्या तरी बांधावरून मरवा आणला होता. "मावशी, घ्या वास आन् सांगा, चालंल का?"

चतुराबाईनं तोंडातलं पान गालात सारलं. छायाकडं पाहिलं. छाया मुद्दाम गोणीत बोट खुपसून बसली होती.

"मला वास येत नाय, सुमन," चतुराबाई स्पष्ट म्हणाली. "चार वरसं झाली. तूच घे आन् सांग."

सुमनबाईनं टोपली खाली ठेवली. मग तिनं कानाला हात लावला. "कळलं, मावशी, कळलं. परवा तुमच्या तोंडाला लागले, त्याचा टोला हाय हा. चुकलं माझं."

"अगं, खरंच येत नाय."

"आन् मी काल जन्मले. बरं, तुम्ही म्हणताय तर हुंगते." सुमनबाईनं जुडी नाकाला लावली, भीत भीत म्हणाली, "मरवाच वाटतोय. हाय ना?"

चतुराबाईनं जुडीतलं एक पान तोडून चावलं. कडसर पाणी. "हाय," ती म्हणाली. "ठेव टोपलीत."

सुमनबाई जुडी पाण्यानं शिंपडायला गेली. चतुराबाई शेडखाली खाली वाकली, छायाच्या हाताशेजारून हात घालून तिनं ओरेगॅनोचं आणखी एक पान खुडलं आणि तोंडात टाकलं.

"आत्या," छाया म्हणाली, "तो आचाऱ्यासाठी ठेवलाय."

"एकच," चतुराबाई म्हणाली, आणि दुसऱ्या पानाला हात घातला.